पाठदुखीसाठी ऑस्टिओपॅथी: टेबलावर काय होते आणि घरी काय करावे लागते

तुम्ही लिहिले आहे की तुमचे वय ४३, दिंडोरी तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग आहे, एप्रिलच्या खरड छाटणीच्या वेळी कमरेत उसण भरली आणि तीन महिने झाले तरी ती पूर्ण गेलेली नाही. डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागच्या बाजूने गुडघ्यापर्यंत चमक जाते. एमआरआयच्या अहवालात एल-४ एल-५, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधल्या चकतीला फुगवटा असल्याचे म्हटले आहे, अस्थिरोगतज्ज्ञांनी ऑपरेशनची गरज नाही असे सांगितले आहे आणि एका नातेवाइकाने ‘नाशिकला ऑस्टिओपॅथी करून घ्या’ असे सुचवले आहे. तिथे नेमके काय करतात, दुखते का, मोबाइलवरच्या व्हिडिओत दिसते तसा मणका कडकन वाजवतात का, किती वेळा यावे लागते, आणि ६८ वर्षांच्या आईलाही दाखवावे का, असे तुमचे प्रश्न आहेत. मी मूळची फिजिओथेरपिस्ट आहे, पुढे ऑस्टिओपॅथीचे शिक्षण घेतले आणि गेली १९ वर्षे नाशिकमध्ये हेच काम करते आहे. त्या अनुभवावरून सविस्तर लिहिते.

जे मला मनापासून सांगायचे आहे ते आधीच सांगते. हाताने केलेल्या उपचाराने पुष्कळांना मोकळीक मिळते, पण सुरुवातीला ती काही तासांची किंवा दोन-चार दिवसांचीच असते. त्या मुदतीत तुम्ही चाललात, वाकलात, सांगितलेला व्यायाम केलात, तर वाकण्याची धास्ती कमी होते आणि मोकळीक लांबत जाते. त्याच मुदतीत पट्टा बांधून पडून राहिलात, तर पुढच्या भेटीला आपण पुन्हा पहिल्या पायरीवर असतो. मी टेबलावर जे करते ते दार किलकिले करण्याइतके असते. त्यातून बाहेर पडायचे काम तुमच्याकडे राहते.

नावामुळे होणारा एक गोंधळ आधी दूर करते. होमिओपॅथीसारख्या गोळ्या मिळतील, अशा समजुतीने माझ्याकडे दर महिन्याला कोणी ना कोणी येते. ऑस्टिओपॅथीत गोळ्या नसतात. अमेरिकेतील डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल यांची तीन मुले १८६४ मध्ये मेनिंजायटिसने दगावली, त्या काळच्या औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला, आणि १८७४ मध्ये त्यांनी सांधे, स्नायू व मणक्यांवर हाताने उपचार करण्याची आपली पद्धत जाहीर केली. काही वर्षे ते गावोगावी हाडवैद्य म्हणून फिरले आणि १८९२ मध्ये मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे त्यांनी पहिली शाळा काढली. बहुतेक आजारांचे मूळ हाडे जागची हलण्यात असते, हे त्यांचे मत पुढे टिकले नाही आणि ते टिकायलाही नको होते. म्हणून मधुमेह, थायरॉइड किंवा रक्तदाब मणका ‘सेट’ करून बरा होईल असे कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नका. पाठ, मान, खांदा, कंबर यांच्या दुखण्यात मात्र या पद्धतीचा उपयोग होतो. तो किती होतो, ते पुढे लिहिते.

उसण भरली की पायाळू माणसाला शोधून त्याचा पाय कमरेला लावून घेण्याची रीत आपल्याकडे अजून आहे, आणि तसे करून बरे वाटलेली माणसे खोटे बोलत नसतात. नव्याने भरलेली उसण बहुतेकांची काही आठवड्यांत, पुष्कळांची तर काही दिवसांतच, आपोआप उतरते, आणि त्या दिवसांत जो कोणी पाय किंवा हात लावेल त्याच्या पदरात श्रेय पडते. हे मी स्वतःला सतत बजावत असते, कारण तेच फुकटचे श्रेय माझ्याही पदरात पडू शकते. तुमचे दुखणे मात्र तीन महिने टिकले आहे. ते आपोआप जाण्याची वाट पाहण्याचा काळ सरत आला आहे, म्हणून आता नीट लक्ष देण्याची तुमची वेळ योग्य आहे.

‘मणक्यात गॅप आली आहे’ हे वाक्य तुम्हीही लिहिले आहे. नाशिकमध्ये मी ते रोज ऐकते, आणि या एका वाक्याने माणसे जितकी घाबरून वाकायची थांबतात तितकी वेदनेनेही थांबत नाहीत. खरे पाहता अहवालात गॅप आल्याचे लिहिलेले नसते. चकती थोडी पसरट झाली आहे किंवा तिची उंची कमी झाली आहे, असे लिहिलेले असते, म्हणजे जागा उलट कमी झालेली असते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, पाठ अजिबात दुखत नसलेल्या लोकांचे एमआरआय पाहिले, तेव्हा चाळिशीतल्या सुमारे ५० टक्के आणि पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांच्या चकतीला असाच फुगवटा आढळला होता. तुमच्या बांधाशेजारी ठणठणीत काम करणाऱ्या, तुमच्याच वयाच्या दहा जणांचे एमआरआय काढले, तर त्यातल्या चार-पाच जणांच्या अहवालात तुमच्यासारखीच ओळ निघेल. तुमचा फुगवटा दुखण्याला कारणीभूत नाहीच, असे मी म्हणत नाही. अहवाल आणि अंगावरची तपासणी जुळते का, हे पाहिल्याशिवाय त्या ओळीला शिक्षा समजू नका, एवढेच म्हणते.

पहिल्या भेटीला पाऊण तास ते तासभर लागतो आणि त्यातला निम्मा वेळ मी तुम्हाला हातही लावत नाही. दुखणे कधी सुरू झाले, सकाळी उठताना जास्त असते की संध्याकाळी, खोकताना किंवा शिंकताना पायात चमक जाते का, ट्रॅक्टरवर किती वेळ बसता, ब्लोअरची फवारणी झाल्यावर काय होते, रात्री झोपेतून उठवण्याइतके दुखते का, वजन कमी झाले आहे का, ताप येतो का, लघवीला किंवा शौचाला काही अडचण आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, असे सगळे मी विचारते. काही जण या प्रश्नांनी कंटाळतात, पण माझ्या मते संपूर्ण उपचारातला सर्वांत मोलाचा वेळ हाच असतो.

मग तपासणी. तुम्हाला उभे करून पुढे, मागे, बाजूंना वाकायला सांगेन आणि कोणत्या टप्प्यावर चमक सुरू होते ते पाहीन. टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावीन. उताणे झोपवून गुडघा ताठ ठेवत एकेक पाय वर उचलेन. साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान पायात खालपर्यंत ओळखीची चमक गेली, तर नसेचा संबंध असण्याची शक्यता वाढते. गुडघ्यावर आणि टाचेवर छोट्या हातोडीने ठोकून पाहीन. पायाचा अंगठा माझ्या बोटाच्या विरुद्ध वर ओढून धरायला सांगेन, कारण एल-४ एल-५ च्या चकतीजवळून जाणारी नस दबली असेल, तर सर्वांत आधी बऱ्याचदा हा अंगठाच हार मानतो. दोन्ही अंगठे सारख्याच जोराने टिकले, तर ती चांगली खूण आहे आणि मी ती तुम्हाला तिथेच सांगेन. तपासणीसाठी पाठ आणि कंबर उघडी लागते, म्हणून सैल बनियन आणि पातळ पायजमा किंवा ट्रॅक पँट घालून या, जीन्स नको. स्त्री रुग्णांनी सोबत घरचे माणूस आणायला माझी कधीच हरकत नसते, उलट मी तसे सुचवते.

उपचार कसा असतो, याचे एक उदाहरण देते. तुम्ही उजव्या कुशीवर झोपलेले आहात, वरचा डावा पाय टेबलाच्या कडेवरून खाली सोडला आहे आणि त्याचे वजन माझ्या मांडीवर आहे. माझा एक हात तुमच्या शेवटच्या बरगडीखाली, दुसरा कमरेच्या हाडावर. मी म्हणते, ‘पाय अगदी हलकेच छताकडे उचलायचा प्रयत्न करा, मी तो उचलू देणार नाही.’ पूर्ण जोराच्या पाचव्या हिश्शाएवढाच जोर, चार-पाच सेकंद. मग ‘सोडा’, एक लांब श्वास, आणि श्वास सुटतो तसा कमरेच्या बाजूचा तो दोरखंडासारखा ताठ स्नायू माझ्या बोटांखाली किंचित मऊ होतो आणि पाय आपल्या वजनाने दोन बोटे आणखी खाली येतो. असे तीन ते पाच वेळा. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडले नाही असे वाटेल, पण टेबलावरून उतरल्यावर बूट घालायला वाकताना फरक कळतो. याशिवाय स्नायूंवर सावकाश दाब देणे, सांधा त्याच्या मर्यादेत पुन्हा पुन्हा हलवणे, आणि आखडलेला भाग सर्वांत कमी दुखेल अशा स्थितीत दीड मिनिटभर आधार देऊन धरून ठेवणे, अशा पद्धती मी वापरते. डोक्याच्या कवटीवर किंवा पोटातल्या अवयवांवर हलक्या हाताने करायचे प्रकारही ऑस्टिओपॅथीत शिकवले जातात. त्यांचा पुरावा मला समाधानकारक वाटत नाही, म्हणून तुमच्या दुखण्यासाठी मी ते करणार नाही.

आता त्या कडकन होणाऱ्या आवाजाविषयी. सांध्याला त्याच्या हालचालीच्या टोकाशी नेऊन अगदी थोड्या अंतराचा, पण वेगवान झटका देणे ही एक पद्धत आहे आणि तिच्यात बऱ्याचदा आवाज येतो. हा आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवावरचा दाब एकदम कमी होऊन त्यात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज असतो. २०१५ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी बोटाचा सांधा ओढताना एमआरआयमध्ये हे प्रत्यक्ष टिपले. आपण बोटे मोडतो तेव्हा जे होते, तेच हे. आणि एकदा मोडलेले बोट वीसएक मिनिटे पुन्हा वाजत नाही, तसाच मणक्याचा सांधाही. आवाज आला नाही तरी उपचार वाया जात नाही आणि मोठा आला म्हणून फायदा मोठा होत नाही. कमरेला झटका देण्याची गरज वाटली, तर मी आधी समजावून सांगते आणि तुम्ही ‘नको’ म्हणालात तर दुसरी पद्धत वापरते. मानेला मी झटका देत नाही. मानेतल्या रक्तवाहिनीला त्यामुळे इजा होण्याचे प्रकार फार विरळ आहेत, पण झालेच तर पक्षाघातापर्यंत जाऊ शकतात, आणि मानेसाठी सौम्य पद्धती उपलब्ध असताना ती जोखीम घ्यावी असे मला वाटत नाही.

दुखते का, याचे सरळ उत्तर असे की उपचाराच्या वेळी दाब जाणवतो, क्वचित ‘हवेहवेसे दुखणे’ जाणवते, पण दात-ओठ खाऊन सोसावे लागत असेल तर काहीतरी चुकते आहे आणि तुम्ही थांबायला सांगितलेच पाहिजे. दुसऱ्या दिवशी बऱ्याच जणांचे अंग, बऱ्याच दिवसांनी कुदळ हातात घेतल्यावर दुखते तसे दुखते. हे एक-दोन दिवसांत ओसरते. शेकाची पिशवी घ्या, घरातल्या घरात फिरत राहा. त्या दिवशी ट्रॅक्टर चालवू नका आणि परतताना दिंडोरी रोडवर म्हसरूळच्या पुढे एकदा गाडी थांबवून पाच मिनिटे पाय मोकळे करा. दोन दिवसांनंतरही दुखणे वाढतच असेल किंवा चमक गुडघ्याखाली उतरायला लागली असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता कळवा.

किती वेळा यावे लागेल, याचे उत्तर मी तपासणीनंतरच देऊ शकते, पण माझी पद्धत सांगते. पहिल्या तीन भेटी साधारण आठवड्याच्या अंतराने, नंतरच्या दोन आठवड्यांच्या अंतराने. चौथ्या भेटीपर्यंत तुम्हाला स्पष्ट फरक जाणवला नाही, म्हणजे सलग किती वेळ बसवते, किती चालवते, रात्री कितीदा जाग येते यात बदल झाला नाही, तर मी थांबते आणि तुम्हाला पुन्हा तुमच्या डॉक्टरांकडे पाठवते. याहून मोठे आश्वासन मी देत नाही, कारण पुरावाच तसा आहे. फ्रान्समध्ये जुनाट कंबरदुखीच्या ४०० रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, निम्म्यांना ऑस्टिओपॅथीचे सहा खरे उपचार दिले आणि निम्म्यांना केवळ हलका स्पर्श असलेले लटके उपचार. तीन महिन्यांनी कामातल्या अडचणींच्या १०० गुणांच्या मोजपट्टीवर दोन गटांतला फरक जेमतेम साडेतीन गुणांचा निघाला. फरक होता, पण रोजच्या आयुष्यात जाणवेल इतका तो नव्हता. हा निष्कर्ष वाचून मला वाईट वाटले होते, हे मान्य करते, पण त्यानंतर मी व्यायामाला दिलेला वेळ वाढवला. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हाताने करायच्या उपचारांचा विचार व्यायामाला जोडूनच करावा असे म्हटले आहे, आणि माझा अनुभव त्याला दुजोरा देतो.

तुमच्या बाबतीत व्यायामाचे ध्येय ठरवणे सोपे आहे, कारण समोर ऑक्टोबर छाटणी आहे. मांडवाखाली मान मागे टाकून, दोन्ही हात डोक्यावर धरून तासन्‌तास उभे राहायचे, मग क्रेट उचलायला एकदम खाली वाकायचे, या दोन टोकांमध्ये कंबर सापडते. म्हणून मी तुम्हाला पहिल्या आठवड्यापासून रोज दोन वेळा पंधरा मिनिटे सपाट रस्त्यावर चालायला सांगेन. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रिकामा क्रेट, मग पाच किलोचा, मग दहा किलोचा, गुडघे आणि कंबर दोन्ही वाकवून उचलण्याचा सराव घेईन. मांडवाखाली दर वीस मिनिटांनी हात खाली सोडून दोन मिनिटे फिरायचे, हे मजुरांनाही लावून घ्या. त्यांच्याही कमरा दुखतात, फक्त ते सांगत नाहीत.

काही खुणा दिसल्या तर माझ्याकडे न येता थेट रुग्णालयात जायचे आहे. लघवी अडली किंवा तिच्यावरचा ताबा गेला, दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसण्याच्या जागी बधिरपणा आला, पाऊल लुळे पडून चालताना घासू लागले, तर तासांचा हिशेब महत्त्वाचा असतो. संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, विश्रांतीतही न थांबणारे रात्रीचे दुखणे, पूर्वी झालेला कर्करोग, या गोष्टी असतील तर आधी तपासण्या. मणक्याचा क्षयरोग आपल्या भागात आजही दिसतो. माझ्या कामाच्या दुसऱ्या वर्षी एका तरुणाच्या पाठीवर मी दोनदा उपचार केले, तेव्हा संध्याकाळी अंग कोमट लागते असे तो म्हणाला होता आणि मी ते शेतातल्या उन्हावर सोडून दिले. तिसऱ्या वेळी पाठीच्या मधल्या एका मणक्यावर बोटाने हलके ठोकताच तो कळवळला, तेव्हा मी हात काढून घेतला आणि त्याला तपासणीला पाठवले. क्षयरोग निघाला, औषधांनी तो बरा झाला, पण ते दोन आठवडे माझ्यामुळे गेले. तेव्हापासून तापाचा प्रश्न मी प्रत्येकाला दोन वेगवेगळ्या शब्दांत विचारते.

कोणाकडे जायचे हे ठरवताना मूळ पदवी कोणती ते विचारा. अमेरिकेत ऑस्टिओपॅथीची पदवी घेतलेले हे औषध लिहिणारे, शस्त्रक्रिया करणारे पूर्ण डॉक्टर असतात आणि ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने हा स्वतंत्र नोंदणीकृत व्यवसाय आहे. आपल्याकडे हे काम करणारे पुष्कळ जण मुळात फिजिओथेरपिस्ट असतात, तेव्हा राज्याच्या फिजिओथेरपी परिषदेकडची नोंदणी पाहायला मागण्यात संकोच करू नका. तपासणीआधीच वीस-तीस बैठकींचे पैसे आगाऊ मागणारी जागा सोडून द्या.

आईंबद्दल. ६८ व्या वर्षी बाईच्या हाडांची घनता कमी झालेली असण्याची शक्यता बरीच असते, आणि अशा मणक्याला पाण्याची कळशी उचलण्याएवढ्या निमित्तानेही बारीक दाब-फ्रॅक्चर होऊ शकते. त्यांचे दुखणे एखाद्या दिवशी अचानक सुरू झाले असेल, उंची कमी झाल्यासारखी वाटत असेल किंवा पाठीला बाक आला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढून घ्या. तसे काही नसेल तर घेऊन या. त्यांना झटका देणार नाही, सौम्य हालचाली, श्वास आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम एवढेच करू. रक्त पातळ करणारी किंवा स्टेरॉइडची गोळी चालू असेल तर मला ते आधी कळायला हवे, म्हणून त्यांच्या औषधांची सगळी पिशवी सोबत आणा, चिठ्ठीवर नावे लिहून आणू नका. आणि त्यांना तुमच्याच वेळेत दाखवू नका, वेगळी वेळ घ्या, कारण मुलगा समोर बसलेला असला की आई आपले दुखणे निम्मेच सांगतात.